एक सिलिंडर, छप्पन सल्ले

वर्धा जिल्ह्यात जुना ट्रॅक्टर विकत मिळतो, वाटणीत मिळतो, थकलेल्या उधारीपोटीही मिळतो. एकट्यानं दुरुस्त करायला मात्र मिळत नाही. कोठ्याचं दार उघडून त्याच्यावरची ताडपत्री नुसती उचलून बघा. पाना अजून हातात यायचा असतो, तोवर धुऱ्याकडून एक, पारावरून दोन आणि एसटीची वाट पाहत उभे असलेले चार असे सातजण कमरेवर हात ठेवून हजर. सातव्याला ट्रॅक्टरमधलं काही कळत नसतं. सगळ्यात आधी तोच बोलतो.

विलायतेत आणि अमेरिकेत म्हणे हा एकट्यानं करायचा छंद आहे. माणूस शनिवारी आपल्या गॅरेजात शिरतो, दार आतून लावून घेतो आणि रविवारी संध्याकाळी ग्रीसनं माखलेले हात घेऊन बाहेर येतो. मधल्या काळात ‘काय करून रायले?’ असं त्याला कोणी विचारत नाही. तिकडे ‘गार्डन ट्रॅक्टर’ म्हणून एक प्रकार असतो. घराभोवतीचं गवत कापायला ट्रॅक्टर! आपल्याकडे त्या कामाला बकरी असते. ती डिझेल मागत नाही आणि वर दूध देते. इंग्लंडात कोव्हेंट्रीच्या कारखान्यातून १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत फर्ग्युसन टीई-२० नावाचे छोटे करडे ट्रॅक्टर पाच लाखांहून जास्त बाहेर पडले. एव्हरेस्टवाले एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचले ते फर्ग्युसन ट्रॅक्टर हाकतच. आज तिकडचे शौकीन तो ट्रॅक्टर पुन्हा उभा करताना मूळ करड्या रंगाची नेमकी छटा शोधण्यात महिने घालवतात. ही सगळी माहिती मी पारावर सांगितली तेव्हा एका आजोबांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, “पन ध्रुवावर वावर कोनाचं हाय?”

आमच्याकडे ट्रॅक्टरला लागणारी बाग म्हणजे संत्र्याची. कारंजा (घाडगे), आष्टी, आर्वी हा आमच्या जिल्ह्याचा संत्र्याचा पट्टा. दोन झाडांत आणि दोन ओळींत सहा-सहा मीटर अंतर सोडून लागवड करायची, ही जुनी शिफारस. लागवडीच्या दिवशी हे अंतर इतकं ऐसपैस वाटतं की मधे तूर घेण्याचा मोह होतो. झाडं अंगानं भरली की फांद्या एकमेकींच्या घरात शिरतात. मग भाड्याचा पंचेचाळीस हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर बागेत जातो तेव्हा वखरणी करतो आणि परत येतो तेव्हा तोडणीही करून आलेला असतो. बोनेटवर, सायलेन्सरवर आणि ड्रायव्हरच्या दुपट्ट्यात मिळून बरीच हिरवी संत्री निघतात. शिवाय अवजार लागून बुंध्याची साल निघाली की डिंक्या रोगाला दार उघडं. म्हणून बागेला ठेंगणा, अरुंद आणि चटकन वळणारा ट्रॅक्टर हवा असतो. असा ट्रॅक्टर आमच्या काकांच्या कोठ्यात होता. चालत तेवढा नव्हता.

आयशर. देशात बनलेला पहिला ट्रॅक्टर १९५९ साली फरिदाबादेत याच नावानं बाहेर पडला. त्याआधी ट्रॅक्टर बोटीनं यायचे. स्वातंत्र्यानंतर मध्य भारतातली कांस गवतानं गिळलेली जमीन मोडायला सरकारनं केंद्रीय ट्रॅक्टर संघटना काढली. तिची सुरुवात अमेरिकी लष्करानं युद्धानंतर मागे सोडलेल्या ट्रॅक्टरांवर झाली, आणि पुढे १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचं कर्ज काढून नवी यंत्रं आणली. म्हणजे स्वतंत्र भारताच्या सरकारनंही आधी जुनाच ट्रॅक्टर चालू करून पाहिला आणि मग कर्ज काढलं. आमच्या गावात अजून हाच क्रम आहे. त्या काळात वर्धा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आणि मग मध्य प्रदेशात होता. एवढ्या धाग्यावर आमच्याकडचा प्रत्येक ऐंशीपार म्हातारा सांगतो, “थो चेनचा टॅक्टर आमच्याच धुऱ्यावरून गेलता.” धुरा तेव्हापासूनच वाकडा आहे, हेही त्याच दमात सांगतो. शेजाऱ्याचं म्हणणं वेगळं आहे, आणि ते कोर्टात आहे.

आमच्या आयशरचं इंजिन एका सिलिंडरचं, हवेनं थंड होणारं. एकच सिलिंडर, पण १५५७ सीसीचं. आजची पोरं लाखो रुपये मोजून रॉयल एनफिल्डची बुलेट घेतात आणि तिच्या ३४९ सीसीच्या एका सिलिंडरचा ‘धक्‌धक्‌’ आवाज गल्लीभर ऐकवत फिरतात. गंमत म्हणजे ती कंपनी नव्वदच्या दशकात आयशरच्याच छत्राखाली आली, आणि २००५ मध्ये आयशरनं ट्रॅक्टरचा धंदा टॅफेला विकून टाकला. बुलेट ठेवली, ट्रॅक्टर दिला. त्या आवाजाचे लोक शहरात पैसे देतात, ही गोष्ट कोणीतरी वेळेवर हेरली म्हणायची. आमच्याकडे त्या आवाजाला ‘शांत बसू देत नाही लेकाचं’ असं म्हणण्याची पद्धत होती.

मुळात आमचा जिल्हा ट्रॅक्टरसाठी अवघड. इथे १९३६ मध्ये गांधीजी शेगावात राहायला आले आणि त्या गावाचं सेवाग्राम झालं. वर्ध्यात मगनवाडी, तिथे ग्रामोद्योग, तिथे जे. सी. कुमारप्पा. बैल शेण देतो, शेणाचं खत होतं, खतातून चारा उगवतो. ट्रॅक्टर मात्र बाहेरून तेल पितो आणि नुसता धूर देतो, हा त्यांच्या मांडणीचा मथितार्थ. १९३८च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. तिथे चरखे, घाण्या आणि हातानं चालणारी अवजारं बघायला मिळतात. विनोबा तर त्यापुढे गेले. १९५०च्या सुमारास पवनारला त्यांनी ऋषिशेती केली, म्हणजे बैलही नको, माणसानं हातानं खणायचं. आणि जमनालाल बजाजांकडची ती प्रसिद्ध गाडी! फोर्ड मोटार, पण ओढायला बैल. पाहुण्यांची ने-आण करणाऱ्या या वाहनाला ‘ऑक्सफर्ड’ म्हणत, असं वर्ध्याची जुनी मंडळी हसत सांगत आली आहेत. जगात लोक बैल सोडून इंजिन जोडत होते तेव्हा वर्ध्यानं इंजिन सोडून बैल जोडले. अशा जिल्ह्यात बंद पडलेला ट्रॅक्टर चालू करायला निघालेल्या माणसाकडे निदान दोन पिढ्यांचे लोक थोडं संशयानंच बघणार.

आमच्या घरात मात्र विरोध तत्त्वाचा नव्हता, अंड्यांचा होता. टूलबॉक्समध्ये काकूंच्या कोंबड्या बसत. बॅटरीच्या रिकाम्या जागेत त्यांचं बाळंतपण होई. गेली कित्येक वर्षं त्या ट्रॅक्टरपासून घराला मिळणारं एकमेव उत्पन्न म्हणजे अंडी, आणि ते नियमित होतं. “चालू झाला तर डिझल पेईन, बंद हाय तर अंडे देते. हिसाब तुमीच करा,” असं काकूंनी बजावलं. हिशेब कोणीच केला नाही. कोंबड्यांना सिमेंटची पाटी दिली. त्यांनी ती नाकारली आणि पुढे बरेच दिवस सीटवर बसून निषेध नोंदवला.

ताडपत्री निघाली आणि सल्ले सुरू झाले. सल्ला देणाऱ्यांचे आमच्या भागात ठरलेले प्रकार आहेत. पहिला एअरवाला. कोणतंही डिझेल इंजिन बंद दिसलं की तो म्हणतो, “एअर धरली असंन.” डिझेलच्या नळीत हवा शिरली की पंप डिझेल पुढे ढकलू शकत नाही, हे खरं आहे, पण आमच्या टाकीत डिझेलच नव्हतं, त्यामुळे एअर ही काही तक्रार नव्हती, ती वस्तुस्थिती होती. दुसरा पंपवाला. त्याच्या मते जगातले सगळे ट्रॅक्टर पंपामुळे बंद पडतात आणि त्याच्या साडूचाही पंपच गेला होता. तिसरा निवृत्त एसटी ड्रायव्हर. हा बोलत नाही. फक्त मान हलवतो, आणि त्याचा धसका सगळ्यांत जास्त असतो. चौथा मोबाइलवाला भाचा. तो पंजाबातल्या कोणाचा तरी व्हिडिओ लावतो आणि आपण सगळे पंजाबी इंजिन बघत बसतो. पाचवा ‘इकून टाका’वाला. त्याचा मेहुणा भंगाराच्या धंद्यात असतो. आणि मग तो सातवा, ज्यानं सर्वात आधी तोंड उघडलं होतं. त्याचा आग्रह एकच होता: “रेडिएटरमंदी पानी टाका पयले. पान्याशिवाय इंजन चालू करसान तं फुटून जाईन.” या इंजिनाला रेडिएटरच नाही, ते हवेवर थंड होतं, असं काकांनी सांगितलं. त्यावर त्यानं ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, सगळीकडे वाकून पाहिलं आणि निकाल दिला, “मंग बिमारी हेच हाय. रेडिएटर चोरी गेला.”

त्या सल्ल्यांना कंटाळून काकांनी उस्तादांना निरोप धाडला. प्रत्येक तालुक्यात असा एक उस्ताद असतो. वय विचारायचं नाही, शिक्षण विचारायचं नाही. जुनी लुना, हँडलला अडकवलेली पान्यांची थैली, कानामागे बिडी. उस्ताद आले की गर्दी आपोआप दोन पावलं मागे सरते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलंच नाही. आधी पाणी प्यायले, मग चहा, मग यंदा कापसाचं कसं काय ते विचारलं. डॉक्टरनं आल्याबरोबर नाडीला हात घातला तर आपल्याला बरं वाटतं; उस्तादानं घातला तर तो नवशिका समजतात. शेवटी उठले, पट्टा घेतला आणि इंजिन हातानं फिरवून पाहिलं. हललं नाही. काकांचा चेहरा उतरला. उस्ताद म्हणाले, “जाम हाय म्हंजे चांगलं हाय, काकाजी. सैल फिरलं असतं तं मंग कम्प्रेशन गेलं म्हनून तुमाले नवं इंजनच सांगतलं असतं. रिंगा धरल्या हायेत. सुटतीन.”

डिझेल इंजिनाचं शास्त्र उस्तादांनी बिडी विझायच्या आत समजावून सांगितलं, आणि मी ऐकलेलं ते सगळ्यांत सोपं शास्त्र. याला पेट्रोल इंजिनासारखा ठिणगी पाडणारा प्लग नाही. पिस्टन आतली हवा इतकी दाबतो की ती स्वतःच तापते. त्या तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा बारीक फवारा सोडतं आणि तो पेट घेतो. म्हणजे तीन गोष्टी लागतात: दाबलेली हवा, फवारलेलं डिझेल आणि दोघांची गाठ पडायची नेमकी वेळ. यांतली एक जरी चुकली तरी ट्रॅक्टर म्हणजे लोखंड. आमच्याकडे हवा दाबणारा पिस्टनच जाम होता, डिझेल नव्हतं आणि वेळ भरपूर होता, पण तो इंजिनाच्या बाहेर.

धरलेल्या रिंगा सोडवायला सिलिंडरमध्ये काय ओतावं यावर गावात पुन्हा मतभेद झाले. कोणी डिझेल म्हणालं, कोणी खोबरेल. भाच्यानं कोल्ड्रिंकची बाटली आणली. ती काकूंनी पोरांना वाटून टाकली. पूर्वी अशा वेळी रेशनचं निळं रॉकेल हा हमखास उतारा होता. नटबोल्टचा गंज, हातांचं काळं, आणि चुलीची लाकडं, सगळ्यांवर तेच औषध. उस्तादांनी डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं, वरून चिंधी लावली आणि सांगितलं, “आता कोनी हात लावू नका.” असं सांगितलं की जाणारा-येणारा प्रत्येक माणूस पट्टा एकदा हिसकून बघतो. माझा तर समज आहे की रिंगा औषधानं सुटल्या नाहीत, गावच्या या जनसहभागानं सुटल्या.

मग इंजिन उघडलं. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला बाहेरून पातळ पंख असतात, त्यांच्या फटींतून वारा खेळला पाहिजे. आमच्या फटींत चिखल, पिसं आणि एक पूर्ण वसलेली मुंग्यांची वसाहत निघाली. सायलेन्सरमध्ये गांधीलमाशांनी मातीची घरं बांधली होती. एअर क्लिनरच्या वाडग्यातलं ऑइल खडीसाखर होण्याच्या बेतात होतं. लायनर झिजलेला, रिंगा संपलेल्या, नोझल बुजलेलं. लायनर-पिस्टन लेथवाल्याकडे गेले. नोझल आणि पंप वर्ध्याला तपासायला गेले. तिथे नोझल एका हातपंपाला जोडतात, दांडा दाबतात, घड्याळावरचा काटा दीड-दोनशे किलोंच्या दाबावर चढतो आणि नोझल ‘किर्र’ करून धुकं सोडतं. चांगलं असलं तर धुकं, वाईट असलं तर पिचकारी. आमच्यानं पिचकारी मारली, ती नेमकी काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर. त्या सदऱ्याला आजही डिझेलचा वास येतो आणि काका तो लग्नाला घालतात.

पार्ट मिळवणं हा या कामातला खरा अभ्यासक्रम. दुकानात गेलात की तुमच्यापुढे चार वर्ग ठेवले जातात. ‘कंपनीचं’ म्हणजे जे सध्या येत नाही. ‘ओरिजिनल’ म्हणजे कंपनीच्या डब्यातलं. ‘लोकल’ म्हणजे जे दुकानदार स्वतःच्या ट्रॅक्टरला लावणार नाही असं तो खासगीत सांगतो, पण तुम्हाला देतो. आणि चौथा, सगळ्यांत मानाचा वर्ग, ‘सेकंडमधलं ओरिजिनल’. हे मिळायला मात्र दुसरा एखादा आयशर मरावा लागतो. त्यामुळे जुन्या ट्रॅक्टरचे मालक एकमेकांच्या ट्रॅक्टरची तब्येत फार जिव्हाळ्यानं विचारतात. “तुमचा काय म्हनते?” या प्रश्नात किती आपुलकी असते आणि किती डोळा, हे विचारणाऱ्यालाही सांगता यायचं नाही.

होता होता ट्रॅक्टर उभा राहिला तो असा: मडगार्ड एकाचं, हेडलाइट मोपेडचा, सीट कोण्या जुन्या बसमधली, स्टिअरिंगला साडीच्या काठाची पट्टी गुंडाळलेली, आणि सायलेन्सर वेल्डिंगवाल्याच्या कल्पनेतून उतरलेला. विलायती शौकिनानं हे पाहिलं असतं तर त्यानं मूळ रंगाची छटा शोधणं सोडून देऊन संन्यास घेतला असता. रंगाच्या बाबतीत आमच्याकडे शोध लागला नाही. पेंटरकडे जो उरला होता तो लागला. पुढे ‘गजानन माऊली’ आणि मागे ‘अंतर ठेवा’ हे त्यानं न विचारताच लिहिलं.

भाचा म्हणाला, आता याला व्हिंटेज म्हणून नोंदवू. मी नियम काढून पाहिला. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जुन्या वाहनांसाठी खास तरतूद केली आहे: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली असावीत, मूळ रूप कायम असावं, फार मोठी डागडुजी झालेली नसावी. मग ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि ते वाहन रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणायचं नाही. पण हा मान दुचाकींचा आणि मोटारींचा. ट्रॅक्टर त्यात बसत नाही. बसला असता तरी आमची वेळ निघून गेली होती. कोंबड्यांसकट मूळ रूपात, कुणाचा पाना न लागता, रस्त्यावर न येता तो कोठ्यात उभा होता तेव्हाच तो खरा पात्र होता. चालू केला आणि सगळी प्रतिष्ठा गेली. आता तो एमएच-३२ पासिंगचा एक साधा जुना ट्रॅक्टर आहे, ज्याचं नोंदणी पुस्तक उंदरांनी डाव्या बाजूनं वाचून काढलं आहे.

चालू करण्याचा मुहूर्त मात्र बैलांनी ठरवला. सेल्फ अजून दुरुस्त व्हायचा होता, म्हणून उस्तादांचा बेत असा की ट्रॅक्टर टेकाडावर न्यायचा आणि उतारावरून सोडायचा. वर ओढून न्यायला शेजाऱ्यांची गवळाऊ जोडी मागितली. गवळाऊ ही आमच्या वर्ध्याकडचीच जात, पांढरी, हलक्या अंगाची, पायानं चलाख. पण नेमका पोळ्याचा आदला दिवस. बैलांचे खांदे शेकून, हळद-लोणी लावून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ असं त्यांना रीतसर निमंत्रण दिलेलं. शेजारी म्हणाले, “भाऊ, आता दोन दिवस यायच्या खांद्यावर माशीबी बसू देनार नाई. तुमच्या लोखंडाले काय ओढतीन?” यंत्रयुगात बैलाची रजा मंजूर होईपर्यंत ट्रॅक्टर थांबून राहिला. पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. आमच्या जिल्ह्यात सिंदी (रेल्वे)ला या दिवशी माणसाहून उंच लाकडी नंदी निघतात. आमच्या गावात वीतभर उंचीचे. सकाळी पोरं मारबत घेऊन जाताना ओरडत गेली, “खोकला-खासी घेऊन जा गे मारबत,” आणि कोठ्यापाशी आल्यावर कोणीतरी सूर वाढवला, “टॅक्टरची एअर घेऊन जा गे मारबत!”

मारबतीनं नेली असावी. बैलांनी ट्रॅक्टर टेकाडावर नेला. इंजिनाच्या गाडीला बैल जोडलेले पाहून माझ्या मनात बजाजांची ऑक्सफर्ड येऊन गेली. उस्तादांनी एअर काढली, म्हणजे पंपाचा स्क्रू सैल करून डिझेलमधले बुडबुडे संपेपर्यंत हातपंप दाबत राहिले. बैल सोडले. काका सीटवर बसले, क्लच दाबला, गिअर टाकला, आणि गावानं मागून खांदा लावला. त्यात ‘इकून टाका’वालाही होता, हे नमूद करायला हवं. निम्म्या उतारावर काकांनी क्लच सोडला. ट्रॅक्टर एकदा खोकला. पुन्हा खोकला. सायलेन्सरमधून गांधीलमाशांचं उरलंसुरलं घर उडून एसटी ड्रायव्हरच्या टोपीवर पडलं, त्यापाठोपाठ काळा धूर, मग पांढरा धूर, आणि मग ते ‘टक्‌… टक्‌… टक्‌टक्‌टक्‌’ सुरू झालं. बैल उधळले. कोंबड्या कोठ्याच्या छपरावर गेल्या. मोबाइलवाल्या भाच्यानं सगळं चित्रित केलं, पण घाईत कॅमेरा स्वतःच्या तोंडाकडे होता.

आता खरी अडचण. सेल्फ नाही, म्हणजे बंद केला की पुन्हा टेकाड, पुन्हा बैल. उस्तादांनी बजावलं, “बंद करू नका.” मग ट्रॅक्टर बागेत जाऊन वखरणी करून आला, गावातून फेरी मारून आला, मारुतीला नारळ फोडून आला, आणि काका जेवायला बसले तेव्हाही अंगणात टकटकत उभा राहिला. जेवताना कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नव्हतं. काकू जे म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, हे बहुधा बरंच झालं.

काकांची खर्चाची वही मी पाहिली आहे. तीत स्पेअर, लेथ, मजुरी असे रकाने आहेत आणि चहाचा वेगळा रकाना आहे. मजुरी आणि चहा यांच्यात शेवटपर्यंत चुरस होती. तेवढ्या पैशांत भाड्याचा ट्रॅक्टर बरीच वर्षं बागेत फिरला असता, हे कोणीही सांगेल. त्या सातव्यानं सांगितलंच. पण हिशेबाचा एक रकाना त्या वहीत नाही. जानेवारी २०२३ पासून पन्नास हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक निकष लागू झाले. त्या ट्रॅक्टरांत आता इलेक्ट्रॉनिक्स आलं, ते लॅपटॉप लावल्याशिवाय बोलत नाहीत. हवेसाठी ते चांगलंच आहे. पण ते बंद पडले की शेतकऱ्यानं फोन करून वाट पाहायची, एवढंच त्याच्या हाती उरतं. आमचा एक सिलिंडर दोन पाने, एक हातोडा आणि एका म्हाताऱ्याच्या कानावर उघडतो आणि मिटतो. यात जुनं, दुर्मीळ आणि जपून ठेवण्याजोगं जर काही असेल तर तो ट्रॅक्टर नव्हे, तो म्हातारा आहे. त्याच्यासाठी कोणता नियम नाही, कोणती नंबरप्लेट नाही, आणि त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे.

तेव्हा मंडळी, तुमच्या कोठ्यात असा एखादा ट्रॅक्टर उभा असेल तर भंगारवाल्याच्या आधी तालुक्याच्या उस्तादाला निरोप धाडा. ते येतील त्या दिवशी घरातलं एखादं बारावी झालेलं, मोबाइलमध्ये बसलेलं पोरगं पान्यांची थैली धरायला सोबत द्या आणि काम होईपर्यंत उठू देऊ नका. पार्ट सेकंडमध्ये मिळेल, उस्ताद मिळणार नाही. आणि दोन किलो साखर जास्तीची आणून ठेवा. बाकीचे सल्लागार निरोपाशिवायच येतात.